लोकल होस्टनेम सापडत नाही? या चुका टाळा

नेटवर्कवरच्या मशीनचं नाव, म्हणजे होस्टनेम, सापडत नाही म्हटलं की मुलं आधी 'डिग' ही कमांड चालवतात. लिनक्सवर हीच चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. डिग आणि एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतात; मशीनवरची नाव-पत्त्यांची फाइल, /ईटीसी/होस्ट्स, उघडतसुद्धा नाहीत. पिंग आणि एसएसएच मात्र सिस्टमच्या लायब्ररीला विचारतात, आणि कुठे आधी शोधायचं हे एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधली 'होस्ट्स' ही ओळ ठरवते. म्हणून मी पहिल्यांदा 'गेटेंट एहोस्ट्स' आणि पुढे ते नाव टाकतो.

चवथीच्या आदल्या आठवड्यात म्हापशाच्या एका दुकानातून फोन आला. बिलिंगचा सर्व्हर 'हिशेब.लोकल', आणि काउंटरच्या उबुंटू (लिनक्स) मशीनवरून तो सापडेना. डिगला पत्ता बरोबर मिळत होता, म्हणून तिथल्या मुलाने खापर मशीनवर फोडलं. केबल बदलली, तीनदा रिस्टार्ट केलं, मी पोचलो तेव्हा उबुंटू नव्याने घालायच्या तयारीत होता. बाहेर माटोळीच्या बाजाराची गर्दी, आत बिलं हाताने चाललेली.

मी एनएसस्विच.कॉन्फमधली ती 'होस्ट्स' ओळ वाचली: फाइल्स (होस्ट्स फाइल), एमडीएनएस४_मिनिमल (मल्टिकास्ट डीएनएस), नॉटफाउंड=रिटर्न (नाही सापडलं तर इथेच थांब), मग डीएनएस. '.लोकल' हे २०१३च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय; त्यात सर्व्हरला न विचारता नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनना विचारतात. प्रश्न ५३५३ पोर्टवरून नेटवर्कभर गेला, सर्व्हरवर अशा प्रश्नांना उत्तर देणारा अवाही हा प्रोग्राम नव्हताच, उत्तर कोण देणार? 'रिटर्न'मुळे शोध तिथेच थांबला, डीएनएसची पाळीच आली नाही.

तो 'रिटर्न' काढून टाका असं पुष्कळजण सांगतात. मी काढत नाही, कारण पुढच्या मशीनवर तेच दुखणं पुन्हा निघतं. सर्व्हरचं नावच दुकानाच्या डोमेनखाली घेतलं. घरच्या नेटवर्कला 'होम.आर्पा' हे डोमेन आहे, २०१८ पासून त्यासाठीच राखलेलं.

कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते लिहिलेल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस सर्व्हर कोंबू नका. गूगलला तुमच्या प्रिंटरचं नाव कुठून माहीत असणार? तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर कारभार सिस्टमडी-रिझॉल्व्हड या सिस्टमच्या सेवेकडे आहे, हाताने लिहिलेलं पुसलं जाईल.

होस्ट्स फाइलमध्ये आधी पत्ता, मग नाव.

डेबियन, उबुंटूवर मशीनचं नाव बदललंत तर होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ची ओळही त्याच वेळी बदला, नाहीतर प्रत्येक सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवायच्या) कमांडला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' वाचावं लागेल.