दुकानात राजकारण: मालकानं कुठं बोलावं, कुठं आवरावं

मत प्रत्येकाला असतं आणि असायलाच हवं. पण पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी शेठ सहज म्हणाले, "यंदा अमक्यालाच निवडून आणायचं," तर कारागीर मान डोलावतो. पटलं म्हणून नव्हे. दिवाळीचा बोनस आणि पुढच्या महिन्याची उचल शेठच्याच हातात असते म्हणून. त्यामुळे कामगारांपुढे मालकानं पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. "त्याला मत दिलं नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस" हे तर थेट गुन्ह्यात बसतं. मतदारावर गैरवाजवी दबाव आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ आणि १७४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सुरुवात भिंतीपासून करा. नगरसेवकाकडून फुकट आलेलं कॅलेंडर गल्ल्यामागे टांगलं, की दुकान कुणाचं हे गिऱ्हाईक ठरवून मोकळं होतं. ते काढा, घाऊक व्यापाऱ्याचं लावा. शिवाजी महाराज, बाबासाहेब, गाडगेबाबा यांच्या तसबिरी खुशाल राहू द्या. फक्त खालच्या कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह किंवा 'सौजन्य' म्हणून नेत्याचं नाव छापलेलं नाही ना, ते जवळ जाऊन बघा. बहुतेकांच्या नजरेतून हेच सुटतं.

गिऱ्हाइकानं विषय काढला तर नुसतं "हो ना" म्हणणंही महागात पडतं, कारण मागे उभा असलेला माणूस तोच होकार गावभर नेतो. वादही घालू नका, कामावर आणा: "काका, ते राहू द्या, पँट किती इंच आखूड करायची ते सांगा." दोन कामगार आपापसात जुंपले तर कुणाचं बरोबर ते ठरवत बसू नका. दोघांनाही एकच वाक्य सांगा: हे काम सुटल्यावर, बाहेर.

मोबाइलवर दोन नंबर ठेवा. दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर भाव, वेळ आणि नवा माल एवढंच. राजकीय स्टेटस तिथे कधीच नको. तुमचं मत स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या नावानं मांडा, तो तुमचा हक्क आहे. त्या खात्याच्या फोटोत दुकानाची पाटी मात्र नको. कामगारांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनला मेसेज टाकता येईल असं सेटिंग करा, म्हणजे रात्रीचे फॉरवर्ड सकाळी भांडण होऊन दुकानात येत नाहीत.

फ्लेक्सचा त्रास वेगळाच. 'शुभेच्छुक' म्हणून तुमचा फोटो कार्यकर्ते विचारल्याशिवाय टाकतात. आधीच मेसेज करून ठेवा: "दुकानाचं नाव किंवा माझा फोटो फ्लेक्सवर टाकू नये." लेखी राहतं. निवडणुकीत उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या जाहिरातीवर स्वतः खर्च केलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. छापखानावाल्यांनी जास्तच जपावं. प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा, आणि छापण्याआधी प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं निवेदन दोन प्रतींत घ्यायला हवं. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वर्गणीसाठी वर्षाची एक रक्कम ठरवा. गल्लीतल्या सगळ्या मंडळांना सारखीच द्या, पावती घ्या. पक्षाला द्यायची असेल तर पेढीच्या खात्यातून नको. स्वतःच्या बचत खात्यातून चेकनं किंवा ऑनलाइन द्या. पक्षाला दिलेल्या रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यावीच लागते (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ब). रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची असते. पगार कापायची चूक इथेच सर्रास होते. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या वेळी सरकारचा आदेश वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी कुणाला मत दिलं, हे विचारू नका. शाई दाखवणाऱ्याला सूट द्यायची असेल तर सगळ्यांना सारखी.

एवढं आवरायचं म्हणजे गप्प बसायचं असं मुळीच नाही. रस्ता सहा महिने खोदून ठेवलाय, पार्किंगमुळे गिऱ्हाईक थांबत नाही, घरपट्टी वाढली, वीज महागली, हे धंद्याचे प्रश्न आहेत आणि त्यावर मालकानं जोरात बोललंच पाहिजे. पक्षाचं नाव न घेता, व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर एकच निवेदन तयार करा. त्यात तीनच मागण्या ठेवा, प्रत्येकीपुढे जागा आणि तारीख लिहा: कुठल्या चौकापासून कुठवर, कधीपासून. तेच निवेदन सगळ्या उमेदवारांना द्या, प्रत्येकाकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि त्या प्रती संघटनेच्या फायलीत लावा. निवडून येईल त्याच्याकडे महिन्याभरात तीच पोच घेऊन जा. वीजदरासाठी मात्र उमेदवाराच्या मागे लागू नका. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दरवाढीवर जाहीर सूचना-हरकती मागवतो. वर्तमानपत्रातली नोटीस आली की मुदतीच्या आत, वर्षभराची बिलं जोडून हरकत दाखल करा.