साफसफाईनंतर पीसी चालू होईना झाला तर

मार्च संपत आला की सोलापुरात असेंबल केलेले पीसी उघडायची घाई सुरू होते. पुढे दोन-अडीच महिने पारा चाळिशीच्या वर राहणार, प्रोसेसरवरचा कूलर धुळीने चोंदलेला, म्हणून मंडळी कॅबिनेट खोलतात, ब्लोअर मारतात, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलतात. ते योग्यच आहे. मग संध्याकाळी मला फोन येतो, "काका, सकाळपर्यंत मस्त चालत होतं की ओ. साफ केलं आन् आता चालूच होईना."

तोपर्यंत त्याला चार जणांनी चार सल्ले दिलेले असतात. बोर्ड (मदरबोर्ड) उडाला, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला, विंडोज नव्याने टाक. विंडोजचा तर इथे संबंधच नाही, पडद्यावर कंपनीचं नाव उमटायच्या आधी विंडोज सुरूच झालेलं नसतं. गेली पंधरा-सोळा वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांचे पीसी जोडतो आणि दुरुस्त करतो. सकाळी चालणारं मशीन साफसफाईनंतर बंद पडलं, तर दोष तुमचा हात जिथे गेला तिथेच शोधायचा. नवीन काही विकत आणायचं नाही. रॅम काढली होती का, कूलर उचलला का, कुठल्या वायरी सोडवल्या, हे कागदावर लिहा आणि शेवटून सुरुवातीकडे एकेक तपासत या.

आत हात घालण्याआधी दर वेळी एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी साठते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ राहते.

आधी नीट बघा, काय होतंय

"चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. पंखा, दिवा काहीच नाही, हा पहिला. एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतं आणि पुन्हा तेच, हा दुसरा. पंखे छान फिरतात पण डिस्प्ले येत नाही, हा तिसरा. फोनवर मी सगळ्यात आधी हेच विचारतो.

काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएसचा मागचा स्विच, बोर्डात जाणारा २४ पिनांचा मोठा जोड आणि पुढच्या बटणाच्या बारीक वायरी, या क्रमाने बघा. बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसतं, पण ती दोन नेमक्या पिनांवरच बसायला हवी. साफ करताना ती सुटते आणि शेजारच्या पिनांवर बसवली जाते. बोर्डाच्या पुस्तिकेत नकाशा असतो. बटणावरच शंका असेल तर बटणाची वायर काढून, वीज पुन्हा जोडून, फक्त त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन उठलं तर बटण खराब.

एसएमपीएस तपासायला २४ पिनांच्या जोडातली हिरवी वायर आणि काळी वायर तारेने जोडा, असं सगळे सांगतात. पंखा फिरला तर एसएमपीएस चालू होतो एवढंच त्यातून कळतं, भार आल्यावर तो टिकेल का हे कळत नाही. शिवाय हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, आणि काही एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही. त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस फेकणाऱ्यांना मी आधी थांबवतो. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते, आणि अशा अदलाबदलीत हार्ड डिस्क जळू शकते.

चालू-बंद, चालू-बंद होत असेल तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा आठ पिनांचा जोड बघा. तो कूलरच्या मागे दडलेला असतो आणि घाईत राहून जातो. ग्राफिक्स कार्डचा आठ पिनांचा जोड तिथे बसवायचा नाही, बसत नसताना जोर तर मुळीच करायचा नाही. बोर्ड पूर्ण बाहेर काढला असेल तर त्याखाली सुटा स्क्रू किंवा जादा पितळी खुंटी राहिली नाही ना, हेही पाहा.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा वेळी मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावली आहे का ते बघा. बोर्डाला लावली असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या एफ मालिकेतला असेल, तर चित्र कधीच येणार नाही. ग्राफिक्स कार्डाची वीज जोडा आणि कार्ड खाचेत टक्क आवाज होईपर्यंत दाबा.

एवढं करूनही पडदा काळाच असेल तर रॅमकडे या. इथे मात्र मी सावकाश सांगणार आहे.

रॅम : इथे घाई करू नका

मी राहतो पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांमधून सुताची बारीक लव दिवसभर हवेत तरंगते. खिडकी बंद ठेवली तरी ती घरात येते, आणि पीसीचे पंखे तिला आत ओढून घेतात. साध्या मातीच्या धुळीत आणि या लवेत मोठा फरक आहे. माती फुंकली की उडते. लव एकमेकांत गुंतते, चिकटते आणि फुंकर मारली की एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसते.

पाच-सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी माझंच मशीन साफ केलं. कोपरान् कोपरा स्वच्छ व्हावा म्हणून रॅमच्या दोन्ही पट्ट्या आधी काढल्या आणि मग ब्लोअर मारला. पुन्हा जोडलं, तर पंखे फिरतात आणि रॅममध्ये दोष दाखवणारा बोर्डावरचा दिवा पेटून राहतो. पट्ट्या सहा-सात वेळा काढून बसवल्या, पट्ट्यांच्या संपर्कांवर खोडरबर घासला, बोर्डावरचा सेल काढला. शेवटी एका दुकानात नेलं. त्यांनी दहा मिनिटांत बोर्ड गेल्याचं सांगितलं आणि नव्याचा भाव दिला. पैसे तयार ठेवले होते. त्या रात्री आईचं वाचायचं भिंग घेतलं, मोबाईलचा टॉर्च आडवा धरून रॅमच्या खाचेत पाहिलं, तर मधोमध पांढरा धागा आडवा पडलेला. पट्टी आत शिरताना तो धागा दाबला जात होता आणि तिथल्या दोन-तीन पिना टेकत नव्हत्या. धागा निघाला आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. तो बोर्ड आजही चालतोय.

तेव्हापासून माझा नियम असा की ब्लोअर मारताना रॅम जागेवरच राहू द्यायची. रिकाम्या खाचा असतील तर त्यांवर कागदी चिकटपट्टी लावायची. रॅम आधी काढून मग फुंका, असा सल्ला जिथे दिसेल तिथे तो चुकीचा आहे असं मी सांगतो. ती खाच उघडी ठेवली की आतली सगळी लव तिच्यातच जाते.

चूक होऊन गेलेली असेल तर असं करा. वीज काढा, दोन्ही पट्ट्या बाहेर घ्या, कॅबिनेट उभंच ठेवा. टॉर्च खाचेच्या एका टोकाकडून आडवा मारा. वरून प्रकाश पाडला तर काही दिसत नाही, आडव्या प्रकाशात धागा चमकतो. कोरा, मऊ, चित्रकलेचा बारीक ब्रश खाचेच्या लांबीने ओढा, खाली खुपसू नका. मग कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी फुगा घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हवा मारा. सुई, सेफ्टी पिन, दात कोरायची काडी यांतलं काहीही आत घालायचं नाही. आतल्या पिना पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा आहेत. एक वाकली की मग खरोखरच बोर्ड जातो, आणि तो तुम्ही घालवलेला असतो.

आता खोडरबर. हा सल्ला आपल्याकडे इतका पसरलाय की कुणी शंकाच घेत नाही. रबराचे कण खाचेत पडतात, घासताना सोन्याचा पातळ थर झिजतो, आणि कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर वीज तयार होते ती वेगळीच. पट्टीचे पिवळे संपर्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. लव न सुटणाऱ्या कापडावर दोन थेंब घ्या, एका दिशेने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो.

बसवताना एकच पट्टी घ्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी खाच आधी वापरायची असते. पट्टीची कापलेली खूण खाचेतल्या उंचवट्यावर आली का बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ संपर्क असले तरी खुणेची जागा वेगळी आहे, एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत जात नाही. दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा, टक्क आवाज येईपर्यंत. बऱ्याच बोर्डांवर आता एकाच बाजूला खटका असतो. त्या बाजूचा आवाज आला म्हणजे दुसरं टोक बसलं असं नाही. तिथेच फसगत होते, म्हणून डोळा खाचेच्या पातळीवर आणून बाजूने पाहा. सोनेरी रेघ एका टोकाला जास्त दिसत असेल तर पट्टी तिरकी आहे. मोठा एअर कूलर आड येत असेल तर त्याचा पंखा काढा, बोटांच्या टोकांनी भागवू नका.

मग चालू करा आणि थांबा. रॅम काढून बसवल्यावर किंवा बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंग) मूळ स्थितीत आणल्यावर बोर्ड रॅमची ओळख नव्याने करून घेतो. डीडीआर५ च्या बोर्डांवर त्याला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हे हमखास दिसतं. तीस सेकंदांत बटण दाबून बंद केलं की ती ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी फोनवर सरळ सांगतो, चहा टाका, पिऊन या, तोवर हात लावू नका.

दहा मिनिटांनीही काही नाही? मग त्याच खाचेत दुसरी पट्टी. ती चालली तर पहिली पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चालत नाहीत पण दुसरीत चालतात, तर खाचेत अजून काहीतरी आहे, टॉर्च पुन्हा घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. पाच अदलाबदलींनंतर काय करून झालं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कुठल्याच खाचेत कुठलीच पट्टी चालली नाही, तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. जुना असेल तर नवाच घाला.

कूलर उचलला असेल तर

रॅमचाच दिवा पेटतो, पण रॅम आणि खाच दोन्ही निर्दोष आहेत, असं झालं की कूलरकडे संशय न्या. रॅमच्या वायरी थेट प्रोसेसरला जातात. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले की प्रोसेसर सॉकेटवर असमान दाबला जातो आणि रॅमचा संपर्क तुटतो. सगळे स्क्रू सैल करा, मग तिरक्या जोड्यांनी थोडे-थोडे आवळा.

एएमडीच्या एएम४ प्रोसेसरबाबत एक इशारा. याच्या १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि जुनी पेस्ट सिमेंटसारखी घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की कुलूप लागलेलं असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, वीज काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. पीसी आता चालूच होत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राची हवा कूलरच्या बुडाशी लांबून द्या. प्रोसेसर उपटून आलाच असेल तर पिना आडव्या नजरेने रांगेरांगेने पाहा. वाकलेली पिन पातळ, ताठ पत्त्याच्या कडेने हळूहळू सरळ होते. इंटेलच्या एलजीए१७०० आणि एएमडीच्या एएम५ या प्रकारांत पिना सॉकेटमध्ये असतात. त्या वाकल्या तर स्वतः हात घालू नका.

पेस्ट तुरीच्या डाळीएवढी पुरते. कूलरचा पंखा बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा.

डिस्प्ले आल्यावर

सेल काढला असेल तर बायोसमधलं सगळं पुसलं गेलेलं असतं. तारीख-वेळ घाला, नाहीतर वेबसाइट सुरक्षेच्या चुका दाखवतील. रॅमचा जलद वेग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्स्पो, तूर्त बंदच ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवलेली असते, मोबाईलवरून उघडून बघता येते. डिस्क सापडतच नाही असं दिसलं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर बायोसमधलं व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क कशी जोडायची ते ठरवणारी सेटिंग) आधी जसं होतं तसं करा. विंडोज पुन्हा टाकायला बसू नका, माहिती जाईल.

कॅबिनेटची बाजू लगेच लावू नका. अर्धा तास तसंच चालू ठेवा, कूलरचा पंखा फिरतोय ना आणि बायोसमधलं तापमान चढत जात नाही ना ते पाहा. मग बंद करून दुसरी पट्टी प्रोसेसरपासून चौथ्या खाचेत बसवा, पुन्हा तेवढंच थांबा, आणि दोन्ही पट्ट्यांची मिळून रॅम पूर्ण दिसली की मगच स्क्रू लावा.