जीबीएस झालाय म्हणाले? आधी श्वासाकडे बघा, पायांकडे नंतर

पायाला मुंग्या येतायत, दोन दिवसांत जिना चढवेना, खुर्चीतून उठायला हात टेकावा लागतोय, असं असेल तर बी-१२ कमी झालं असेल म्हणून गोळ्या घेत घरी बसू नका. दोन्ही पायांना सारखाच अशक्तपणा आणि तो दिवसागणिक वर सरकतोय, हे जीबीएसचं म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचं लक्षण असू शकतं. वर्षाला लाखात एक-दोन जणांनाच होतो, म्हणून पहिल्या भेटीत कुणाच्या डोक्यात येत नाही आणि कॅल्शियम देऊन घरी पाठवतात.

होतं काय, तर आधी जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन गेलेला असतो, बरेचदा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू, त्याचं वरचं आवरण आपल्या नसांशी इतकं मिळतंजुळतं की शरीराने जंतूसाठी बनवलेल्या अँटीबॉडीज नसांवरच तुटून पडतात. वायरचं प्लास्टिक सोललं जावं तसं नसेवरचं मायलिन जातं. काहींना आतली तारच म्हणजे ॲक्सॉन दुखावतो आणि मग बरं व्हायला जास्त वेळ लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरचे सगळे पायाकडे बघत बसतात, "चालता येतंय ना अजून?", पण खरा धोका छातीच्या स्नायूंना आहे. साधारण चारात एका पेशंटला व्हेंटिलेटर लागतो. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, श्वासाचे स्नायू थकत आले तरी तो शेवटपर्यंत ९७-९८ दाखवू शकतो. त्यापेक्षा पेशंटला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. काल ३५ पर्यंत जात होता आणि आज २० च्या आत थांबतोय, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. पाणी पिताना ठसका लागणं, आवाज नाकातून येणं, उशीवरून मान उचलता न येणं हेही तितकंच गंभीर. म्हणून ॲडमिट करताना आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेलंच हॉस्पिटल निवडा. बीपी आणि हृदयाचे ठोकेसुद्धा अचानक वरखाली होतात, त्यामुळे मॉनिटर लावला म्हणून घाबरू नका, तो लावायलाच हवा.

डॉक्टर हातोडीने रिफ्लेक्स बघतील (बहुतेकांचे गेलेले असतात), नसांची एनसीव्ही टेस्ट (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) आणि पाठीतून पाणी काढून तपासणी करतील. त्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं पण पेशी नॉर्मल, असं चित्र येतं. पहिल्या आठवड्यात दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात बरं का, तेवढ्यावरून जीबीएस नाही असं ठरत नाही.

उपचार दोनच आहेत, आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज शिरेतून देणं (वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस) किंवा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलणं, आणि दोन्हीचा फायदा सारखाच, फक्त सुरुवात पहिल्या दोन आठवड्यांत झालेली बरी. स्टेरॉइडचा इथे उपयोग होत नाही, कुणी सुचवलंच तर कशासाठी ते विचारा. अशक्तपणा बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत थांबतो, मग काही दिवस नुसताच स्थिर राहतो. घरच्यांचा धीर याच दिवसांत सुटतो, पण हे अपेक्षितच आहे, औषध वाया गेलं असं नाही. पेशंट पूर्ण शुद्धीत असतो आणि सगळं ऐकतो, तेव्हा पलंगाशेजारी रडारड आणि बिलाची चर्चा नको. श्वासाची नळी घातल्याने बोलता येत नसेल तर पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, असं ठरवून टाका. कूस बदलणं, तळपायाला आधार, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन, हे नर्सला रोज विचारायला लाजू नका.

घरी आल्यावर मात्र घाई करायची नाही. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे ॲक्सॉन दुखावला असेल तर पावलातली ताकद सगळ्यात शेवटी येते, तोवर पाऊल खाली लोंबत असेल तर स्प्लिंट (पाऊल धरून ठेवणारा आधार) लावून चाला, त्यात कमीपणा काय. व्यायाम रोज, पण थोडा थोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात-पाय कालच्यापेक्षा जड वाटले तर काल जास्त झालं, आज निम्माच करा. "जोर लाव, जोर लाव" म्हणणाऱ्या नातेवाईकांना जरा लांबच ठेवा, थकलेल्या स्नायूला दामटून ताकद येत नाही. सहा महिन्यांत दहातले आठ जण आधाराशिवाय चालतात, पण थकवा मात्र कित्येकांना वर्षानुवर्षं राहतो, रिपोर्ट चांगले असूनही राहतो, त्याला आळस म्हणू नका. एका वहीत शर्टाचं बटण लागलं का, बाटलीचं झाकण उघडलं का एवढंच लिहीत जा, आठवड्याचा फरक त्यात दिसतो, रोज आरशात बघून नाही दिसत.

आणि सुरुवातीपासून आठ आठवडे उलटूनही अशक्तपणा वाढतच असेल, किंवा सुधारून परत परत घसरत असेल, तर वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, तो सीआयडीपी (जीबीएससारखाच, पण लांबत जाणारा नसांचा आजार) असू शकतो आणि त्याला स्टेरॉइड चालतात.