दिवसाच्या बोटीला केबिन घ्यायची का? (हुक फान हॉलंड ते हार्विच)

तिकीट काढताना एक पान येतं, केबिन हवी का, आणि तिथे सगळ्यांचा हात थांबतो. रात्रीच्या बोटीला हा प्रश्नच नाही, हुक फान हॉलंड (नेदरलँड्स) ते हार्विच (इंग्लंड) रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते. दिवसाच्या फेरीला मात्र तुमची मर्जी, आणि मग घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सात तासांसाठी कशाला पैसे घालवायचे बसू की कुठेतरी, दुसरी म्हणते आधी आईंचे गुडघे बघा. आमच्याकडे हे भांडण चारदा झालंय. दोनदा केबिन घेतली, दोनदा नाही, आणि त्यातली एकदा न घेतलेली चांगलीच अंगाशी आली, म्हणून हे लिहितेय.

आधी तासांचा हिशोब नीट करा, कारण तिकिटावरच्या वेळा फसवतात. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला हुकहून सुटते आणि रात्री 8 ला हार्विचला लागते. पावणेसहा तास वाटतात ना? इंग्लंडचं घड्याळ एक तास मागे, म्हणजे खरे पावणेसात. परत येताना सकाळी 9 ला हार्विचहून निघते आणि संध्याकाळी सव्वापाचला इथे हुकला, ते सव्वासात तास. (वेळा मागेपुढे होतात, तुमच्या तिकिटावर बघून घ्या.) आता यातून सुरुवातीचा अर्धापाऊण तास काढा, कारण बोट सुटताना कोणी खोलीत बसत नाही, आणि शेवटचाही थोडा काढा, कारण धक्का यायच्या बराच आधी केबिन रिकामी करा अशी घोषणा होते. म्हणजे केबिन हातात राहते साडेपाच तास. त्या साडेपाच तासांत तुमचं काय काम आहे, एवढाच प्रश्न.

बाकीच्या बोटींचं पटकन सांगते. डोव्हर-कॅले दीड तास, तिथे विषयच नाही. हेलसिंकी-टॅलिन दोनअडीच तास, डब्लिन-होलीहेड सव्वातीन तास, खाल्लं-पिल्लं फिरलं की संपलं. आणि आपली भाऊचा धक्का ते मांडवा रोरो तर तासाभराची, तिथे वडापाव खाऊन होईतो मांडवा येतं. पोर्ट्समथ-कान (फ्रान्समधलं Caen) सहा तास, तिथे मात्र खाली लिहिलंय ते बरंचसं लागू पडेल.

आता केबिन कशासाठी घ्यायची. झोपण्यासाठी असं सगळे म्हणतात, पण दिवसा सलग झोप फार कोणाला लागत नाही. आम्ही घेतो ती तीन गोष्टींसाठी, आडवं होता येतं, स्वतःचं संडास-बाथरूम मिळतं आणि बंद करता येईल असं दार मिळतं. तुमच्यातल्या कोणाला या तीनपैकी दोन गोष्टी लागणार असतील तर जास्त विचार करू नका, घ्या. एकच लागणार असेल तर पुढचं वाचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघं, मी, नवरा, दोन वर्षांची लेक आणि सासूबाई. केबिन घेतली नाही. बोट एवढी मोठी (स्टेना हॉलंडिका आणि स्टेना ब्रिटानिका, दोन्ही 240 मीटर लांब), हॉटेल आहे, सिनेमा आहे, मुलांना खेळायची जागा आहे, कशाला हवी खोली. पहिले दोन तास मस्त गेले. मग लेकीची झोपायची वेळ झाली आणि ती काही केल्या झोपेना कारण समोर खेळायची जागा दिसतेय, सासूबाईंना पाय लांब करायचेत पण सोफ्यावर चार लोकांत पाय वर घ्यायला त्यांना संकोच वाटतो, आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या गाडीत राहिलेल्या. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बोट सुटली की गाड्यांच्या डेकवर जाता येत नाही, बंद म्हणजे बंद, पोहोचल्याची घोषणा होईपर्यंत. चूक माझीच, पिशवी मीच डिकीत ठेवली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण हार्विच येईपर्यंत त्यांनी जपमाळ सोडली नाही आणि मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

पुढच्या खेपेला माझे आईबाबा आले होते, तेव्हा न विचारता चार बर्थची आतली केबिन घेतली. आतली म्हणजे खिडकी नसलेली, स्वस्त असते. खाली दोन पलंग, वर दोन भिंतीला दुमडलेले, पांघरूण टॉवेल सगळं तिथेच. बाथरूम एवढंसं पण शॉवर कमोड सगळं आहे, फक्त दाराला चांगला उंच उंबरठा असतो, आईने आत जाताना ठेच खाल्लीच, आणि फ्लशचा आवाज असा धडाड येतो की पहिल्यांदा बाबा बाहेरून ओरडले काय पडलं गं. पण त्या साडेपाच तासांत आई दोन तास पडली, लेक तिच्या कुशीत झोपली, बाबांनी चटणी-दशम्या खाल्ल्या, आणि आम्ही दोघं वर जाऊन निवांत कॉफी प्यायलो. माणशी भाग घातला तर कॅफेत दोनदा बसून उठलो असतो तेवढेच पैसे. चार-पाच जणांना परवडते ती अशी. एकटा माणूस असेल तर हाच हिशोब उलटा होतो, एकट्याने मला तरी कधी घ्यावीशी वाटलेली नाही, मी खिडकीजवळचा सोफा धरते आणि पुस्तक काढते.

बाबांची गंमत म्हणजे ते लहानपणी कोकण बोटीने गेलेले, डेकचं तिकीट, वळकटी पसरायची, आणि बंदरावर बोट लांब उभी राहायची मग पडावातून किनाऱ्याला. त्यामुळे केबिनमध्ये शिरल्यावर पाच मिनिटं ते नुसते उभे होते आणि मग म्हणाले इथे समुद्र कुठाय? बरोबरच आहे. खाण्यापुरते खाली आले तेवढेच, बाकी वेळ ते वरच्या डेकवर. तर सांगायचं काय, सगळ्यांसाठी केबिन हवी असं नसतं, एका माणसासाठी घेतली तरी ती वसूल होते, बाकीच्यांनी सामान टाकायचं आणि भटकायचं.

खिडकीवाली घ्यावी का, हा पुढचा प्रश्न. उत्तर महिन्यावर आहे. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे बोट सुटल्यावर दोनेक तासांनी तुमच्या महागड्या खिडकीत फक्त तुमचंच तोंड दिसणार. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, तेव्हा विचार करा. पण खरं सांगू, बघण्यासारखं सगळं सुरुवातीला आणि शेवटी असतं, निघताना मासफ्लाक्टेच्या (रॉटरडॅम बंदराचा भाग) बाजूच्या क्रेन आणि पोहोचताना फेलिक्सस्टोच्या कंटेनर बंदराच्या क्रेन, मध्ये करडं पाणी आणि पवनचक्क्या. दोन्ही वेळी डेकवर उभं राहून फुकट दिसतं.

बोट लागणाऱ्यांनी मात्र हे नीट वाचा. कानाला हलतंय कळतं आणि डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, यात मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळतं. म्हणून बिनखिडकीच्या केबिनमध्ये बसून मोबाईल बघणं सगळ्यात वाईट. तिथेच उताणं पडून डोळे मिटलेत तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणजे केबिन घेतली तर आडवं व्हा, नाहीतर डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत रहा, मधलं काही करू नका. केबिन निवडायला मिळाली तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्याची मागा, टोकाला जास्त हलतं. गोळी घ्यायची तर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर काय उपयोग, आणि अवोमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांना आणि बाकी औषधं चालू असलेल्यांना डॉक्टरला विचारूनच.

हवामानाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी नॉर्थ सी चांगलाच उसळतो. बुकिंग महिनाभर आधी आणि वाऱ्याचा अंदाज तीन-चार दिवस आधी, मग जमवायचं कसं? तिकीट आधी काढून ठेवा, केबिन नंतर जोडता येते का ते बघा, आणि निघायच्या दोन दिवस आधी वारा बघा. 7 बोफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) वर दाखवत असेल तर मी सरळ घेते. आणि दिवसाच्या फेरीला केबिन शिल्लक असतील तर बोटीवर चढल्यावर काउंटरवर सुद्धा विचारता येतं, पण मे महिन्याच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या सुट्टीत, ख्रिसमसला त्या भरवशावर जाऊ नका, तेव्हा सोफेसुद्धा मिळत नाहीत.

आता ड्रायव्हर. हा मुद्दा लोक विसरतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच आहे. रात्री 8 ला बोट लागली, गाडी बाहेर काढून पासपोर्ट दाखवून रस्त्याला लागेपर्यंत पाऊणएक तास, तिथून ननंदेकडे रेडिंगला अडीच तास. म्हणजे सव्वाअकरा, आणि अंगातल्या घड्याळाप्रमाणे सव्वाबारा, वर स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ताही डावीकडून, अंधारात, त्यात पाऊस. भारतात डावीकडून चालवलेली सवय आहे हे खरं, पण दहा वर्षं नेदरलँड्समध्ये उजवीकडून चालवल्यावर पहिला राउंडअबाउट आला की पोटात गोळा येतोच. अशा वेळी नवऱ्याने संध्याकाळी दोन तास झोपलेलं असणं मला खिडकी-बिडकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. रात्री कोल्चेस्टर-इप्सविचच्या आसपासच मुक्काम करणार असाल किंवा रेल्वेने पुढे लंडनला जाणार असाल (हार्विच इंटरनॅशनल स्टेशन धक्क्याला लागूनच आहे) तर हा मुद्दा गळतो.

म्हणून आमचं ठरलंय, जाताना घ्यायची आणि येताना नाही. येताना सकाळी 4 ला उठून धावत आलेले असतो, मेल्यासारखे दमलेले असतो हे कबूल, पण हुकला उतरल्यावर घर अर्ध्या तासावर, कुठेही पेंगलं तरी चालतं. आईबाबा बरोबर असतील तर दोन्ही वेळा. आईबाबांवरून आठवलं, त्यांचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर इंग्लंडला गेल्यावर परत इकडे येता येणार नाही, मल्टिपल आहे का आणि ब्रिटनचा वेगळा व्हिसा आहे का हे केबिनच्या आधी बघा.

कोणी विचारलं होतं ऑफिसच्या मीटिंगसाठी केबिन बरी पडेल का. अजिबात नाही. मध्य समुद्रात नेटचा भरवसा नाही, आणि किनारा सुटल्यावर फोन बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटला तर ते युरोपच्या फुकट रोमिंगमध्ये येत नाही, बिल बघून चक्कर येईल. बोट सुटली की फ्लाइट मोड. शांतता हवी, आडवं व्हायचं नाही, असं असेल तर पैसे भरून बसायचा वेगळा लाउंज असतो, चहा-कॉफी खाऊ त्यातच, दोघांसाठी तो आणि केबिन यांची किंमत शेजारी शेजारी ठेवून बघा. कुत्रा बरोबर असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या केबिन असतात, थोड्याच असतात, लवकर धरा. व्हीलचेअरवाल्या केबिनचंही तेच.

घेतलीत तर एक हातपिशवी वेगळी भरा, सगळी औषधं, मुलांचे कपडे, चार्जर, शाल (एसी बोचतो), चपला, थर्मासमध्ये गरम पाणी. साध्या केबिनमध्ये किटली धरून चालू नका आणि स्वतःची इलेक्ट्रिक किटली लावू नका, बोटीवर आगीचं फार भय असतं. डबा न्या, पण दही, पनीर, तूप असलं काही असेल तर बोटीवरच संपवा, एप्रिल 2025 पासून इथून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मटण वगैरे बरोबर नेता येत नाहीत. आईने दहीभाताचा अख्खा डबा उतरायच्या अर्धा तास आधी आम्हा चौघांना संपवायला लावला होता, पलंगावर मांडी घालून, मध्ये लोणच्याची बाटली, आणि बाहेर केबिन रिकाम्या करा म्हणून घोषणा चालू.