प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणकातील प्रस्तावित बदल कसा तपासावा

प्रमाणकातील, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजातील, बदलाचा प्रस्ताव हाती आला की लेखकाने दिलेली उदाहरणे आधी वाचू नयेत. ती नव्या सोयीला साजेशी निवडलेली असतात. आधी अडचणीचे वर्णन वाचावे आणि तीच अडचण आजच्या भाषेत, एखाद्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) किंवा कंपाइलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) इशाऱ्याने सुटते का, हे स्वतः कोड लिहून पाहावे. ती तशी सुटत असेल, तर भाषेत कायमची भर घालण्यासाठी बरेच सबळ कारण लागेल.

त्यानंतरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जुन्या कोडचे काय होणार. येथे मोडणारा कोड आणि अर्थ बदलणारा कोड यांत काटेकोर फरक केला पाहिजे. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये 'प्रिंट' हे विधान न राहता फंक्शन झाले. जुन्या पद्धतीची ओळ वाक्यरचनेच्या चुकीवर अडत असल्याने ती शोधणे सोपे होते. त्याच आवृत्तीत ७/२ चे उत्तर मात्र ३ ऐवजी ३.५ येऊ लागले, आणि असा कोड कोणतीही तक्रार न करता चालत राहून वेगळे उत्तर देतो. या बदलासाठी पूर्णांकी भागाकाराचे स्वतंत्र चिन्ह आणि नवा अर्थ फाइलपुरता आधीच लागू करण्याची सोय पायथन २.२ पासूनच दिलेली होती. गो भाषेने १.२२ मध्ये 'फॉर' लूपमधील चलाचा अर्थ बदलला, तेव्हा तो बदल मॉड्यूलच्या फाइलमध्ये नोंदवलेल्या आवृत्तीशी बांधला. अर्थ बदलणाऱ्या प्रस्तावात अशी संक्रमणाची वाट आखलेली नसेल, तर तो तेवढ्याच कारणाने परत पाठवावा.

नव्या नावांकडेही याच नजरेने पाहावे. पायथन ३.७ मध्ये 'असिंक' हा राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेला आणि नाव म्हणून न वापरता येणारा शब्द, झाल्यावर ते नाव पॅरामीटरला देणाऱ्या लायब्ररी मोडल्या. सी++ भाषेच्या २०२० च्या प्रमाणकात (सी++२०) कोरूटीनसाठी, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा पुढे चालू होणाऱ्या फंक्शनसाठी, 'को_यील्ड' असा काहीसा अवघड शब्द निवडला गेला, कारण नुसता 'यील्ड' असंख्य प्रोग्रामांत चलाचे नाव म्हणून आधीच वापरात होता.

मग प्रमाणकात प्रत्यक्ष जाणारा मजकूर घ्यावा, कारण प्रस्तावना कितीही सुबोध असली तरी कंपाइलर लिहिणाऱ्यावर बंधन असते ते याच मजकुराचे. 'असेच झाले पाहिजे' आणि 'असे व्हावे' यांत प्रमाणक फरक करते. प्रत्येक वाक्य त्यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. शून्य, रिकामी यादी, ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेत न मावणारी संख्या) अशा कडेच्या स्थितींत काय घडेल हे मजकुरावरून सांगता येत नसेल, तर दोन कंपाइलर दोन उत्तरे देतील.

कोणी ते करून पाहिले आहे का, हेही विचारावे. सी++ मध्ये टेम्पलेट (अनेक प्रकारच्या डेटासाठी एकदाच लिहिलेले कोडचे साचे) वेगळे कंपाइल करता यावेत म्हणून १९९८ च्या प्रमाणकात 'एक्सपोर्ट' आले. ते फारच थोड्या कंपाइलरांनी अमलात आणले आणि २०११ मध्ये काढून टाकण्यात आले. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने (सी९९) अनिवार्य केलेले चल लांबीचे ॲरे, म्हणजे ज्यांची लांबी प्रोग्राम चालताना ठरते असे ॲरे, २०११ च्या प्रमाणकात (सी११) ऐच्छिक झाले. जावास्क्रिप्टच्या समितीत प्रस्ताव शेवटच्या टप्प्यावर जाण्यासाठी चाचण्या उत्तीर्ण करणारी दोन अंमलबजावणी लागतात. तुमच्या समितीत असा नियम नसला तरी ही कसोटी स्वतः लावावी.

शेवटी अभिप्राय लिहिताना 'हे गुंतागुंतीचे आहे' एवढ्यावर थांबू नये, कारण अशा वाक्यावर संपादकाला काहीच करता येत नाही. कलमाचा क्रमांक, आक्षेप तांत्रिक आहे की केवळ संपादकीय, दोष दाखवणारा सर्वांत लहान प्रोग्राम आणि त्या जागी सुचवलेले नेमके शब्द, इतके द्यावे.