डीएनए विषाणूंचा अभ्यास करताना: पॉलिमरेझ कोणाचे?

विषाणूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुतेक विद्यार्थी प्रत्येक डीएनए विषाणूचे जीवनचक्र स्वतंत्रपणे पाठ करतात आणि परीक्षा संपताच सगळ्या आकृत्या एकमेकींत मिसळून जातात. माझ्या अभ्यासाला दिशा मिळाली ती प्रत्येक विषाणूबाबत एकच प्रश्न विचारू लागल्यावर: डीएनएची प्रत काढणारे पॉलिमरेझ विषाणूचे, की पेशीचे?

सुरुवात एसव्ही-४० या माकडांतील छोट्या विषाणूपासून करावी. त्याचा वर्तुळाकार जीनोम जेमतेम ५,२४३ बेसजोड्यांचा असून त्यात पॉलिमरेझचे जनुकच नाही. त्याचे लार्ज टी प्रथिन डीएनएवरील आरंभस्थान ओळखते, पदर उलगडते आणि उरलेले काम केंद्रकातील यंत्रणेकडून करवून घेते. ही यंत्रणा पेशीच्या एस अवस्थेतच, म्हणजे पेशी स्वतःच्या डीएनएची प्रत काढते तेव्हाच, सज्ज असल्यामुळे हेच प्रथिन आरबी आणि पी-५३ या नियंत्रक प्रथिनांना निष्प्रभ करून पेशीला त्या अवस्थेत ढकलते. पार्वोव्हायरसला तेही जमत नाही; पेशी स्वतःहून तेथे पोहोचेपर्यंत तो थांबतो.

हर्पीस सिम्प्लेक्सला मात्र भरपूर वेळ द्यावा. त्याचे कॅप्सिड, म्हणजे डीएनएभोवतीचे प्रथिनांचे कवच, पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकछिद्रापाशी येते आणि स्वतः बाहेर राहून सुमारे दीड लाख बेसजोड्यांचा डीएनए आत सोडते. पेशीचे आरएनए पॉलिमरेझ-२ त्याची जनुके टप्प्याटप्प्याने वाचते: आधी नियंत्रक प्रथिनांची, मग प्रत काढणाऱ्या एन्झाइमांची आणि शेवटी मुख्यतः कॅप्सिड व आवरणाच्या प्रथिनांची. डीएनए पॉलिमरेझ स्वतःचे असल्याने विभाजन थांबलेल्या पेशीतही हा विषाणू वाढतो, आणि नेमके तेच औषधाचे लक्ष्य ठरते. असायक्लोव्हिर या औषधाला विषाणूचेच थायमिडिन कायनेझ हे एन्झाइम सक्रिय करू लागते आणि ते विषाणूच्याच पॉलिमरेझला रोखते; निरोगी पेशी जवळजवळ अबाधित राहतात. या विषयातील याहून सुंदर युक्तिवाद मला ठाऊक नाही.

देवीच्या गटातील विषाणू सगळी एन्झाइमे स्वतःची बाळगून पेशीद्रव्यातच वाढतात, एवढे लक्षात ठेवले तरी प्रारंभी पुरते. हिपॅटायटिस बी मात्र शेवटी घ्यावा, कारण तेथे प्रश्नच विस्तारावा लागतो: त्याचा वर्तुळाकार डीएनए केंद्रकात टिकून राहतो, त्यावरून पेशीचे पॉलिमरेझ आरएनए बनवते आणि पेशीद्रव्यात विषाणूचे पॉलिमरेझ त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए घडवते. सध्याच्या गोळ्या ही शेवटची पायरी रोखतात, केंद्रकातील मूळ डीएनए मात्र तसाच राहतो. म्हणूनच अनेक रुग्णांना त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात.