अस्तानाचा पिरॅमिड बघायचा तर खालून वर

लेक कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात, मेडिकलला असल्यामुळे माझ्या तिथे दोन चकरा झाल्या. पहिल्या चकरेत तिथला पिरॅमिड, म्हणजे 'शांती आणि सलोख्याचा महाल', चुकीच्या पद्धतीने पाहिला, म्हणून हे लिहितोय.

टॅक्सीवाल्याला लांबलचक नाव सांगत बसू नका. 'पिरामिदा' म्हटलं की पुरतं. नकाशावर राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय 'अक ओर्दा' जवळ दिसतं, पण मध्ये इशिम नदी आहे. थंडीत चालत जायचा हट्ट मी केला आणि उणे पंचविसात फोनने मान टाकली. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

दिवस उन्हाचा निवडा, वेळ दुपारच्या आसपासची. कारण पुढे कळेल.

आत जाण्याआधी पाच मिनिटं बाहेरच थांबा. पाया ६२ मीटर बाय ६२ मीटर, उंचीही ६२. त्यामुळे हा गिझाच्या पिरॅमिडपेक्षा चांगलाच उभट दिसतो. मी आयुष्यभर बांधकामावर काढलेला माणूस, माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. इथे हिवाळ्यात उणे चाळीस, उन्हाळ्यात अधिक चाळीस. एवढ्या फरकात हा पोलादी सांगाडा ३० सेंटीमीटरपर्यंत आकसतो-फुगतो, आणि त्याला तेवढी मोकळीक आधीच ठेवलेली आहे. घट्ट आवळला असता तर त्यानेच स्वतःला फाडलं असतं. ब्रिटिश वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने आराखडा केला, २००६ मध्ये इमारत उभी राहिली.

आत गाइडबरोबर फिरवतात. कोट गार्दरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत टाका आणि गाइडला सांगा, आधी ऑपेराचं सभागृह. पहिल्या वेळी मी थेट वर गेलो आणि सगळी गंमत घालवली. सुमारे १,५०० खुर्च्यांचं हे सभागृह जमिनीखाली आहे. मान वर करून छतातली गोल काच बघा. तीच काच वरच्या 'खेओप्स' दालनाची जमीन. शिखरातून उतरलेला उजेड तिथून खाली झिरपतो. ढगाळ दिवशी यातलं काही कळत नाही.

मग दालनात या आणि त्याच काचेच्या कडेला उभे राहा. पुढची लिफ्ट तिरकी चालते, भिंतीच्या उतारासोबत. पहिल्यांदा पोटात जरा गोळा येतो. शेवटचा टप्पा मात्र पायीच चढा. जिन्याच्या कडेने झाडंझुडपं लावलीत, बाहेर बर्फ असताना ती हिरवाई डोळ्यांना फार बरी वाटते.

सगळ्यात वर 'पाळणा' नावाचं गोल दालन. तिथलं गोल टेबल जगभरच्या धर्मगुरूंच्या परिषदेसाठी. ती परिषद २००३ मध्ये सुरू झाली, आणि तिला हक्काची जागा हवी म्हणून ही इमारत. गोल टेबलाला मानाची खुर्ची नसते, हे मला आवडलं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न सुटत नाही.

गाइड टेबलाबद्दल बोलत असेल तेव्हा हळूच काचेकडे सरका. काचचित्रकार ब्रायन क्लार्क यांनी रंगीत काचेत १३० कबुतरं काढलीत, देशातल्या तेवढ्या वांशिक समूहांची आठवण म्हणून. निळ्या-पिवळ्या काचांतून ऊन आलं की समोरच्या माणसाचा चेहराही रंगतो. माझ्या लेकीचं नाक निळं झालं होतं. तेवढा एकच फोटो मी काढला.